दोनदा नापास झालेलं घरटं

विहिरींना कठडे बांधायची पद्धत नव्हती, तेव्हाची ही गोष्ट. एका विहिरीवर वाकलेल्या बाभळीला पिवळ्या नावाचा सुगरण पक्षी घरटं विणत होता. सुगरणींमध्ये घरटं नर विणतो आणि मादी ते तपासते. तिला पसंत पडलं, तरच संसार.

भुरकी नावाची मादी आली. तिने चोचीने एक धागा ओढला, तो सुटला. "हे नको," ती म्हणाली. पिवळ्याने दुसरं विणलं. भुरकी त्याला लोंबकळली आणि गाठ सरकली. "हेही नको."

समोरच्या आंब्यावरून कावळा खो खो हसला. "माझ्या घरट्याला आजवर कुणी नावं ठेवली नाहीत! तू दोनदा नापास झालास, तरी मान ताठच?"

"ताठच राहणार," पिवळ्या म्हणाला. "त्यात तिची अंडी असणार आहेत. आमच्यात कसंतरी विणलेलं चालत नाही."

तिसऱ्या घरट्याचे धागे भुरकीने ओढले, त्यावर झोके घेतले, आणि आत गेली ती बाहेर आलीच नाही.

आठवड्याने सोसाट्याचा वारा सुटला. तो थांबला तेव्हा कावळ्याच्या काटक्या विहिरीत तरंगत होत्या आणि कावळी त्याच्याकडे पाठ करून बसली होती. बाभळीवरचं घरटं मात्र अंड्यांसकट झुलत होतं.

कावळ्याने हळूच विचारलं, "एवढा वारा तुझ्या घरट्याने सोसला कसा रे?"

पिवळ्याने छाती फुगवली. "वारा नंतर आला, कावळेदादा. त्याच्या आधी भुरकीने ओढून बघितलं होतं."