विसाईचा उष्टा नैवेद्य

बसा आधी. टेकडी चढून तुम्ही दमलात, मीही दमलेय. या देवळाची मी गुरवीण. रोज वर येते आणि रोज गुडघे मला शिव्या देतात. आता नीट बघा देवीकडं. भिंतीला पाठ टेकून, पाय पसरून बसलीय. अशी देवी पाहिलीत कुठं? आमची विसाईही पूर्वी उभीच होती म्हणे.

त्या काळी जत्रेच्या नैवेद्याची पाळी घरोघर फिरायची. ज्या घरची पाळी, त्या घरच्या सुनेनं पहाटे आंघोळ करून, उपाशीपोटी, एकटीनं पुरणाचा घाट घालायचा. आणि देवीला नैवेद्य दाखवून होईपर्यंत त्या चुलीवर दुसरं काही चढवायचं नाही, असा नेम. बाप्यांनीच केला असणार. चुलीपुढं बसले असते तर केला नसता.

एका वर्षी पाळी आली येसूच्या घरी. तिची लेक बयो तापानं फणफणलेली. कित्येक दिवस पोटात अन्न नाही, पाणीसुद्धा ओकून टाकायची. जागून जागून येसूचे डोळे खोल गेलेले. त्या दिवशी चुलीवर डाळ शिजत होती, तेवढ्यात पोरीनं डोळे उघडले आणि म्हणाली, "आई, मऊ भात दे ना."

सासू देवळात जत्रेच्या तयारीला निघता निघता म्हणाली, "नैवेद्य होऊ दे, मग दे." नैवेद्य दिवेलागणीला. तोवर पोर राहील की जाईल, कुणी सांगावं?

येसूनं डाळ उतरवली. मूठभर तांदूळ धुतले, पाणी जास्तच घातलं, मिठाचा खडा टाकला आणि भात चांगला गुरगुट्या शिजवला. वर तुपाची धार सोडली नि त्याच पातेल्यातून पोरीला भरवू लागली. पोरीनं चार घास खाल्ले, ओकली नाही, शांत झोपली. तिच्या शेजारी टेकल्या टेकल्या येसूचाही डोळा लागला. कसला नेम नि कसलं काय!

नैवेद्य न्यायला आलेल्यांचा ढोल दारात वाजला तेव्हा ती जागी झाली. डाळ तशीच अर्धीकच्ची. त्यांच्याबरोबर परतलेल्या सासूनं कपाळ बडवून घेतलं.

"आता देवीला काय नेतेस, माझं डोकं?"

"हा भात नेते."

"अगं, उष्टा आहे तो! देवी कोपली तर पोर हातची जाईल!"

येसूच्या अंगात भांडायचंही त्राण नव्हतं. तिनं पातेलं उचललं आणि चालू लागली.

असं सांगतात, की देवीपुढं पातेलं ठेवून ती एवढंच बोलली, "आई, दमले गं. लेकरू जेवून उरलं ते आणलंय. रागावलीस तर मला ने, तिला हात लावू नकोस." गुरवानं रीतीप्रमाणं पडदा ओढला. थोड्या वेळानं पडदा सारला, तर उभी देवी खाली बसलेली, पाय पसरून, आणि बोटांना भाताची शितं! इतकी वर्षं उभ्यानं पुरण खाऊन तीही थकली असेल हो. खरं-खोटं तिलाच ठाऊक. बयोचा ताप मात्र उतरला, आणि सकाळी उठून तिनं पुन्हा भातच मागितला म्हणतात.

आजही जत्रेला आमच्याकडं पुरण शिजत नाही. मऊ भात शिजतो, आणि तो बाप्ये शिजवतात. कधी खाली लागतो, कधी खारट होतो; आम्ही बायका मुकाट खातो, आयता मिळतोय ना! गावात जे लेकरू आजारातून उठलेलं असेल ते आधी जेवतं, मग उरेल ते देवीला. गेल्या साली शेलारांची नात बसली होती. आठवडाभर तापानं घास न घेतलेली पोर, तिनं पातेलं चाटूनपुसून साफ केलं. तिची आई घाबरीघुबरी झाली. म्हणाली, "मावशी, आता देवीला काय दाखवायचं?"

मी रिकामं पातेलं देवीपुढं ठेवलं आणि घंटा वाजवली.