जित्या पोरीच्या फोटोला कुंकू

बोरी नदीच्या काठी एक बाजाराचं गाव होतं. त्या गावात सिद्रामप्पा नावाचे म्हातारे फोटोवाले राहायचे, आणि त्यांच्या हाताखाली शिकलेला चंद्रशा नावाचा एक पोरगा. अप्पांची नजर थकली, स्टुडिओला कुलूप लागलं. चंद्रशा सोलापुरात दुसऱ्याच्या दुकानात राबला, आणि एक दिवस ती नोकरी सोडून स्वतःचा कॅमेरा गळ्यात अडकवून गावी आला. दुकान नाही, पाटी नाही. ज्याचं काम त्याच्या घरी जायचं, फोटो काढायचा, खाली कोपऱ्यात आपलं नाव घालायचं. एवढाच धंदा.

नाव घालून पहिलाच फोटो दिला, आणि नावच बुडालं.

“माझं काय चुकलं, तेवढं सांगा अप्पा!”

चंद्रशा अंगणात उभा राहून ओरडला. पायातल्या चपलासुद्धा काढल्या नव्हत्या. अप्पा शेंगा फोडत बसले होते. त्यांनी मान वर केली नाही.

“सांगा की! कस्तुरबाई म्हणाली, पोरीचा स्थळासाठी फोटो काढ. काढला. म्हणाली, जरा उजळ कर. केला. तेव्हा कशी फोटोवरून मीठमोहऱ्या उतरवत होती! आणि आता गावभर सांगत सुटलीय, चंद्रशानं घात केला. ज्यांनी लग्नाची कामं सांगितली होती ते मला बघून रस्ता बदलतात. आता काय, पुन्हा त्या सोलापूरच्या मालकाच्या दारात जाऊन उभा राहू?”

“पाव्हणे काय म्हणाले?”

“काय म्हणणार! आले, बसले. पोरगी समोर आली. तर म्हणतात, ‘ही थोरली का? फोटोतली धाकटी बोलवा.’ हीच फोटोतली म्हटल्यावर उठलेच. चहाला बोट लावलं नाही.”

“फोटो आहे?”

चंद्रशानं खिशातून काढून दिला. अप्पांनी तो लांब धरला, उन्हाकडे वळवला, मग नाकाशी आणला.

“छान आलाय,” ते म्हणाले. “कोण ही?”

“कोण म्हणजे? महानंदा!”

“महानंदाला मी बारशापासून बघतोय. ही कोण?”

…

चंद्रशाच्या अंगाचा तिळपापड झाला.

“आणि तुम्ही काय करत होता हो अप्पा? निगेटिव्हवर बारीक पेन्सिल फिरवून माणसांची तोंडं उजळत होता. या डोळ्यांनी बघितलंय मी! तुम्ही केलं ते कसब, आणि मी केली ती लबाडी?”

“फिरवत होतो,” अप्पा म्हणाले.

“मग?”

अप्पांनी धोतरावरची टरफलं झटकली आणि काठी घेतली.

“चल.”

कस्तुरबाई दारातच होती. चंद्रशा दिसला मात्र, तिचा आवाज तिसऱ्या घरापर्यंत गेला.

“आलास? चुन्याची बादली आणलीस का रे? पोरीला फासून झालं, आता भिंती तेवढ्या राहिल्यात माझ्या!”

“काकू, उजळ कर कोण म्हणालं होतं?”

“उजळ कर म्हणाले होते. बदलून आण म्हणाले नव्हते मेल्या!”

“कस्तुर,” अप्पा मध्येच म्हणाले, “पाट मांड. पाव्हणी आणलीय.”

म्हाताऱ्या माणसाचा शब्द मोडायचा कसा? तिनं घुश्शातच पाट आणून आपटला, आणि दाराबाहेर वाकून बघितलं. बाहेर कुणी नव्हतं.

अप्पा वाकले. त्यांनी तो फोटो पाटावर भिंतीला टेकवून उभा केला.

“हिच्यासाठीच बैठक होती ना परवा? हळदकुंकू लाव हिला.”

कस्तुरबाई करंडा घेऊन आली खरी. बोट कुंकवात बुडवलं, फोटोपर्यंत नेलं… आणि चटका बसल्यासारखं मागं घेतलं.

“अभद्र काय करायला सांगता अप्पा! फोटोला कुंकू कुणाच्या लावतात? गेलेल्या माणसाच्या! माझी पोर जिती आहे!”

“कुठं आहे?” अप्पांनी विचारलं.

…

“इथं आहे!”

आतून महानंदा आली. हात कोपरापर्यंत ज्वारीच्या पिठानं भरलेले. रंग सावळा, भुवईत लहानपणीचा एक वण, आणि नाकपुड्या रागानं फुललेल्या.

“इथं आहे मी. कधीपासून आहे. आई म्हणाली उजळ कर, चंद्रशादादानं केलं, पाव्हणे म्हणाले ही नको. मला विचारलं का कुणी? मी पोह्यांचा ट्रे घेऊन उभी होते आणि ती माणसं माझ्या पाठीमागं बघत होती. खरी पोरगी अजून यायचीय म्हणून! एक बाई मला म्हणते, जरा बाजूला हो गं… माझ्याच घरात!”

कस्तुरबाईनं करंड्याचं झाकण लावलं, उघडलं, परत लावलं.

“महानंदा, मी आपलं…” चंद्रशा चाचरला. “घरचे सांगतात तसं करावं लागतं गं. नवीन माणूस मी. नाही म्हटलं तर काम जातं.”

“तोंड कुणाचं होतं दादा? घरच्यांचं का माझं?”

कॅमेऱ्याचा पट्टा चंद्रशाला त्या वेळी फार जड वाटला.

महानंदानं पाटावरचा फोटो उचलून त्याच्या हातात दिला आणि स्वतः पाटावर बसली.

“काढ आता. अशीच.”

“अगं, हात तरी धू!” कस्तुरबाई कळवळली. “ओढणी तरी बदल! कपाळाला केवढ्या आठ्या! असला रागीट फोटो बघून दारात येईल का कुणी?”

“राग आलाय मला. तोही दिसू दे.”

चंद्रशानं कॅमेरा डोळ्याला लावला. त्या दिवशी हीच पोरगी याच कॅमेऱ्यातून त्यानं बघितली होती, पण तेव्हा त्याचं सगळं लक्ष मागच्या पडद्यावर होतं. नंतर फोटोत भुवईतला तो वण पुसताना आपण काय पुसतोय हेसुद्धा त्याच्या ध्यानात आलं नव्हतं. आता बोट बटणावर होतं आणि दाबवेना. त्यानं अप्पांकडे बघितलं.

“माझ्याकडे काय बघतोस?” अप्पा खेकसले. “मी बसलोय का पाटावर?”

चंद्रशा वळला.

“काढू का गं?”

“काढ.”

तो फोटो मग गावोगाव फिरला. कुणी परत पाठवला, कुणी उत्तरच दिलं नाही. एका घरानं कळवलं, मुलगी तापट दिसते. प्रत्येक नकाराला कस्तुरबाई चंद्रशाच्या सात पिढ्यांचा उद्धार करायची, आणि तो मुकाट्यानं ऐकून घ्यायचा. घरात रिकामा बसून होता, पण सोलापूरला काही गेला नाही.

होता होता नळदुर्गाकडून एक बाई मुलाला घेऊन आल्या. सोप्यात टेकल्या, फोटो बघितला, दारात उभ्या पोरीकडे बघितलं, आणि लेकाला म्हणाल्या, “हीच की रे!” मुलगा पाण्याच्या मोटारी दुरुस्त करणारा, बोलायला लाजरा. तो एवढंच म्हणाला, “फोटोत तुम्ही कुणावर रागावला होता?” महानंदा म्हणाली, “सगळ्यांवर.” मुलगा हसला, पोरगीही हसली, आणि कस्तुरबाईला पदरानं डोळे पुसायला वेळ पुरेना.

लग्न ठरलं. फोटो चंद्रशादादाच काढणार, असं नवरीनं स्वतः सांगून पाठवलं. ते कळलं तशी रस्ता बदलणारी माणसं चंद्रशाच्या अंगणात येऊन बसायला लागली. कुणाचं बारसं, कुणाचा साखरपुडा. कोपऱ्यातलं नाव लोक वाचायला लागले.

लग्नाच्या दिवशी पहाटेपासून पार्लरवाली नवरीच्या खोलीत दार लावून बसली होती. दार उघडलं. नवरी बाहेर आली, आणि चंद्रशाचा कॅमेरा हातातच राहिला. तो तरातरा मांडवात गेला. अप्पा पहिल्या रांगेत खुर्चीवर बसले होते.

“बघितलंत? बघितलंत का अप्पा? केवढी आग पाखडली होती माझ्यावर! तोंड कुणाचं म्हणे! आणि आज स्वतः पिठाच्या डब्यात पडल्यासारखी पांढरीफटक होऊन बसलीय! तो वणसुद्धा दिसत नाही. मी नाही काढणार. खाली माझं नाव असतं!”

“तिला विचारलंस?”

“विचारलं की! म्हणाली, आज मला असंच हवंय.”

वाजंत्री सुरू झाली. चंद्रशा उत्तराची वाट बघत तसाच धुमसत उभा राहिला.

अप्पांनी डोक्यावरची टोपी सारखी केली…

“मग उजेड तेवढा नीट घे.”