शेजारची जागा

“बरोबरीनं बसायचं नाही, एवढंच ना? मग त्यासाठी माणशी एक गाडी कशाला?” ऋजुताने विचारलं.

तात्या देवस्थळी मठातले सर्वांत ज्येष्ठ शिष्य. त्यांनी डोळे मिटले.

“हा नियम विचारायचा नसतो, पोरी. पाळायचा असतो.”

नियम जुना होता. गुरूच्या शेजारी शिष्याने बसू नये, थोरल्या शिष्याच्या शेजारी धाकट्याने बसू नये. सतरंजीवर ते सोपं होतं. पण आता गुरू अण्णाबुवा प्रवचनाला डोंगर उतरले, की मागे एकेका शिष्याला घेऊन एकेक गाडी उतरायची. आज सर्वांत मागे ऋजुताची लागणार होती. तिच्या वडिलांनी ती मुद्दाम पाठवली होती.

“मी बुवांच्या गाडीत पुढे बसते.”

“गुरूकडे पाठ करून?”

“ड्रायव्हर बसतोच की!”

“तो गाडी चालवतो.”

“मग मी चालवते. लायसन आहे माझ्याकडे.”

मागे कोणीतरी खुदकन हसलं. तात्यांनी वळून पाहिलं. हसू थांबलं.

“तात्या, घाटाखालच्या शाळेतली पोरं आपल्या गाड्या दिसल्या की खिडक्या लावून घेतात. धूर जातो नाकात. आणि आपण पुढे जाऊन भूतदया सांगणार!”

“संध्याकाळी तुझी दीक्षा आहे.” तात्यांचा आवाज उतरला. तिच्यासाठी शाल त्यांनीच निवडली होती. “इतकी वर्षं थांबलीस. आजच्या दिवस गप्प बस.”

ऋजुता गप्प बसली...

मग चालत गेली, पुढच्या गाडीचं दार उघडलं आणि थेट अण्णाबुवांच्या शेजारी बसली.

अंगणात कोणी हललं नाही. मागच्या गाड्या नुसत्याच घुरघुरत होत्या.

अण्णाबुवांनी तिच्याकडे पाहिलं.

“उतर.”

“नाही.”

“दीक्षा मिळायची नाही.”

“नको मग. पण माझी गाडी मागे यायची नाही.”

तात्या धावत दाराशी आले. बाकीचे म्हातारे शिष्य एकमेकांकडे पाहत होते.

अण्णाबुवांनी उपरणं आवरून मांडीवर घेतलं.

“सरक जराशी,” ते म्हणाले. “तात्या उभा आहे.”