शकूचा तिरका ब्रश

डोंगराच्या कुशीत, सोनचाफ्याच्या बागेजवळ शकू आणि तिची आई राहत. आई लोकांची घरं रंगवायची. तिचा उजवा हात मुरगळला आणि घरात चूल पेटेना, म्हणून शेजारच्या साळूमावशींची खोली रंगवायला शकूही बरोबर गेली.

"छताच्या कडेला हा जाडा ब्रश नको गं," आई म्हणाली. पण शकूला घाई होती. कडेशी पोचताच पोपटी रंग पांढऱ्याशुभ्र छतावर फासला गेला.

"हे कुणी केलं?" मावशींनी विचारलं.

"आईनं," शकू बोलून गेली.

आईनं तिच्याकडे पाहिलं, मग मान खाली घातली. "डाव्या हातानं जमलं नाही, ताई."

शकूचे कान तापले. ती बागेत पळाली. रंगलेले हात धुवायला ती तिथल्या झऱ्यावर वाकली, पण पाण्यात इवल्या इवल्या रुपेरी मासोळ्या चमकत होत्या. रंग त्यांना बाधेल म्हणून तिनं हात पानांनीच पुसले.

तेवढ्यात चाफ्याच्या कळीतून गुलाबी पंखांची चिमुकली परी उतरली. "मासोळ्यांना जपलंस, बाळा. काय हवं तुला?"

"छतावरचे डाग जाऊ देत."

"झालेलं मला पुसता येत नाही. पण चांगला ब्रश देता येईल. तूच निवड."

झुडपावर फुलांसारखे ब्रश उमलले. सोनेरी मुठीचा ब्रश शकूनं हलकेच ओढून पाहिला, तर केस हातात आले. मोरपंखी, गुबगुबीत ब्रश तळव्यावर दाबला, तर तो वाकलेलाच राहिला. मग तिनं साधा लाकडी ब्रश घेतला. दोन बोटं रुंद, केस तिरके कापलेले, टोकाशी रेशमासारखे बारीक. दाबून सोडताच ते सरळ झाले. आई असाच ब्रश घे म्हणत होती, हे आठवून शकूला आणखीच मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"हाच," ती पुटपुटली.

"मात्र खोटं लपवणाऱ्या हातात तो विस्कटतो हं," परी म्हणाली.

शकू खोलीत परतली आणि गुपचूप स्टुलावर चढली. ब्रश कडेला टेकवताच केस चहूकडे पसरले. ती खाली उतरली. मावशींकडे बघायची हिंमत होईना.

"मावशी, आईनं नाही. मी केलं. आणि खोटंही मीच बोलले."

मावशींनी पांढऱ्या रंगाचा डबा पुढे सरकवला. शकूनं छत पांढरं केलं, सुकू दिलं. मग ब्रशची टोकंच रंगात बुडवून तिनं हळूहळू कड ओढली. पोपटी रेघ सुतासारखी सरळ आली.

खिडकीत परी झगमगली. "आता आणखी एक इच्छा माग."

"आईचा हात बरा होऊ दे," शकू जमिनीकडे बघत म्हणाली.

खोलीभर केशरी, सोनेरी उजेड सांडला आणि त्या उजेडातच परी विरघळून गेली. आईनं उजवा हात उचलला, शकूची हनुवटी धरली आणि तिचा खाली गेलेला चेहरा अलगद वर केला.