तांदळातलं नाव

"सून गुणाची आहे हो, पण किर्री हे काय नाव झालं? चारचौघांत हाक मारायची चोरी," सासूबाई हळूच आपल्या जावेला सांगत होत्या. पक्षीही माणसांसारखं ताटातल्या तांदळात सुनेचं नवं नाव लिहीत, त्या काळची ही गोष्ट. चिंचेच्या ढोलीत, पिंगळ्यांच्या, म्हणजे छोट्या घुबडांच्या, घरी कालच आलेल्या किर्रीने ते फांदीआडून ऐकलं. अंड्यातून बाहेर येताच ती जे ओरडली, तेच आईने तिचं नाव ठेवलं होतं. तेही गेलं, तर माहेरचं जवळ उरणार काय?

संध्याकाळी तांदूळ पसरले. सासरे मान गर्रकन फिरवून म्हणाले, "अथीना ही ग्रीकांची विद्येची देवी. पिंगळा तिचा लाडका, म्हणून पंडितांनी आपल्या प्रजातीला तिचंच नाव दिलं. सूनबाई, आजपासून तू अथीना."

नवरा चोचीने दाणे सारखे करू लागला.

किर्री कॉलेजच्या झरोक्यात वाढलेली. खालच्या वर्गात शिकवलेलं सगळं तिच्या कानांवरून गेलं होतं. ती मान खाली घालून, पण स्वच्छ आवाजात म्हणाली, "मामंजी, नाव थोरच आहे. पण शिंगवाल्या घुबडाला सगळं रान घाबरतं, त्याला लॅटिन लोकांनी बुबो म्हटलं ते त्याच्या घुमण्यावरून. गव्हाणी घुबडाचं टायटो हे ग्रीक नावही त्याच्या ओरडण्यावरूनच आलं. एवढ्या पंडितांना जे सुचलं, तेच माझ्या अडाणी आईलाही सुचलं. तांदूळ पसरलेच आहेत, तर किर्रीच लिहा."