अस्वलीण आणि भांड्यांचे गाठोडे

सागाच्या एका दाट जंगलात एक अस्वलीण राहत असे. तिच्या हाताला चव होती आणि मनही मोठे होते. तिच्या दारातून कोणी उपाशी गेले, असे कधी घडले नव्हते. पावसाळा सरला, वाटा मोकळ्या झाल्या, तेव्हा ससा, वानर आणि मुंगूस हे तिचे सोबती तिला म्हणाले, "ताई, पलीकडच्या डोंगरावर दोन दिवस मुक्काम करून येऊ. सगळे मिळून रांधू आणि उघड्यावर जेवू." अस्वलीण आनंदाने डोलू लागली. "स्वयंपाकाचे माझ्याकडे!" ती म्हणाली. "तुम्ही नुसते हात हलवत या."

झाले, ती सामान बांधायला बसली. आधी तिने एक पातेले आणि एक पळी घेतली. मग आठवले, वानराला भाकरी लागते. म्हणून तवा घेतला आणि तव्यामागून परात आली. सशाला चटणीवाचून घास उतरत नाही, तेव्हा खलबत्ता हवाच. मुंगसाला कढी आवडते, मग रवी नको का? पाण्याला हंडा, तळणाला कढई, कढईला झारा, वर सगळ्यांचा शिधा... बघता बघता गाठोडे तिच्याएवढे झाले. तिला बोलवायला आलेले मुंगूस दारातच थबकले. "अगं ताई, दोन दिवसांसाठी एवढे? थोडे माझ्याकडे दे."

"नको रे बाबा," अस्वलीण म्हणाली, "माझे मीच नेते. तुमच्यापैकी कोणाला काही कमी पडले, तर मला घास गोड लागायचा नाही." तिने गाठोडे पाठीवर घेतले आणि पोटाशी दोराची पक्की गाठ मारली.

वाटेत तिला धाप लागली. "दमलीस का?" असे कोणी विचारले, की ती "छे!" म्हणे आणि पुढे चालू लागे. डोंगराच्या पायथ्याशी ओढा होता. वानर फांद्यांवरून पार झाले, ससा आणि मुंगूस दगडांवरून उड्या मारत गेले. अस्वलीण पाण्यात उतरली, आणि शेवाळावरून तिचा पाय घसरला. गाठोडे कलंडले, भांड्यांत पाणी भरले आणि ते तिला खाली ओढू लागले. भिजलेली गाठ काही केल्या सुटेना. मुंगूस पाण्यात झेपावले आणि त्याने दोर दातांत धरला. पण अस्वलिणीने गाठोडे दोन्ही पंजांनी कवटाळले होते.

"सोड ते, ताई!"

"सोडले तर तुम्ही खाल काय?" नाकातोंडात पाणी जात असतानाही ती म्हणाली.

"तू बुडालीस, तर आमच्या घशाखाली काय उतरणार आहे?"

अस्वलिणीचे पंजे सैल पडले. मुंगसाने दोर कुरतडला. खडखडाट करीत गाठोडे वाहून गेले आणि ती कशीबशी काठाला लागली. तिथेच बसून ती रडू लागली. "आता तुम्हाला काय वाढू?"

कोणीही हसले नाही. "आज तू बस," वानर म्हणाले आणि पळसाची पाने तोडायला गेले. सशाने ओलसर जमिनीतून कंद उकरले. गुराख्यांनी मागे ठेवलेल्या शेकोटीत मुंगसाला निखारे सापडले. त्यांवर कंद भाजले. पहिला कंद पानावर ठेवून सशाने तिच्यापुढे सरकवला. "गरम आहे हं, फुंकून खा."

अस्वलीण त्या पानाकडे बघतच राहिली. आजवर सारे तिच्या हातचे जेवले होते. तिला मात्र कोणी वाढले नव्हते. तिने वाढूच दिले नव्हते! कंद एका बाजूने चांगलाच करपला होता. तिने तो सालीसकट खाल्ला, डोळे पुसले आणि म्हणाली, "आणखी एक दे बरे."

तात्पर्य : सर्वांची काळजी एकट्याने वाहू नये, जिवलगांना आपल्यासाठीही काही करू द्यावे.