धुरपदेचा पाट

या, झाडांच्या बाजूनं या. कडंला करंज आहेत, सावली थेट कोरट्या गावापर्यंत सोबत करते. वाट दीड कोसाची आहे, पण भिऊ नका, दम लागत नाही. माझं वय झालंय, तरी मी अजून रोज एकदा जाऊन येतो.

एक गोष्ट मात्र चालताना बघत राहा. आता आपण नांदखेड्याच्या बंधाऱ्यावर उभे आहोत. नदी अगदी हाताशी आहे, वाकलं तर ओंजळ भरेल. डावीकडं हा पाट, म्हणजे बंधाऱ्यातून शेताला पाणी नेणारा कालवा, आणि पाटाच्या काठानं आपली वाट. पुढं पुढं चालत गेलो की नदी खाली खाली जात राहील. कोरट्याला पोचू तेव्हा ती ताडभर खोल दिसेल, आणि आपण तर एक पायरीसुद्धा चढलेलो नसू. नवीन माणूस तिथं उभा राहून चक्रावतो. विचारतो, नदी कधी खाली गेली? मग सांगावं लागतं, की ही वाट डोळ्यानं आखलेली नाही, गुडघ्यानं आखलेली आहे.

फार जुनी गोष्ट आहे. कुणाच्या पणजोबाच्याही आधीची. दोन्ही गावांनी मिळून हा बंधारा बांधला, असं सांगतात. चुना मळायला कोरट्याच्या बायकाही होत्या. पण बंधारा उभा राहिला नांदखेड्याला, म्हणून पाणीही नांदखेड्याच्याच रानात फिरलं. कोरटं पडलं खालच्या अंगाला. नदी त्यांच्या गावावरूनही जाते, पण ती दरीत आणि रान वर. दिसतं आणि मिळत नाही, असं पाणी.

बंधाऱ्यापासून कोरट्याच्या रानापर्यंत पाट खणायचं काम हिरामण पाटकऱ्याकडं होतं. पाटकरी म्हणजे पाटाची राखण करणारा, पाणी फिरवणारा माणूस. हिरामण जवान होता, पाय लांब, चाल अशी की बरोबरच्याला पळावं लागे. त्यानं दोन वर्षं पाट खणला आणि दोन्ही वर्षं तो फसला. चूक साधीच होती. त्यानं नदीचा काठ धरला. पाणी नदीसारखंच जाणार, मग नदीच्या कडंनं न्यावं, असा त्याचा हिशोब. पण नदीची संगत धरली तर पाटही नदीइतकाच खाली उतरतो. कोरट्याला पोचेस्तोवर पाट रानाच्या खाली, आणि पाणी काही वर उडी मारत नाही.

तिसऱ्या वर्षी पाऊस असा तसाच झाला. आड आटले. बंधाऱ्यात तेवढं झऱ्याचं पाणी होतं. कोरट्याचे भिवसन पाटील शब्दाचे पक्के. होळीला त्यांनी पारावर आखाजीची, म्हणजे अक्षय्य तृतीयेची, मुदत घातली, "आखाजीपर्यंत वाट बघू. त्या दिवशी सूर्य मावळेपर्यंत रानात पाणी आलं तर गाव राहील. नाही आलं, तर गाड्या जुंपायच्या."

एक म्हातारी तेवढी बोलली. तिचं नाव धुरपदा. खळ्यातल्या गंजीवरून पडून तिचा उजवा गुडघा कायमचा वाकडा झाला होता.

"पाटील, मी चालून दमते," ती म्हणाली, "पण निघून जायला मला येत नाही."

तिचा लेक खणणाऱ्यांत होता. त्याची भाकरी घेऊन ती रोज बंधाऱ्यावर जाई. बाकीच्या बायका नदीकाठानं चढत उतरत झपाझप जात. धुरपदेला चढ सोसत नसे आणि उतार त्याहून सोसत नसे. म्हणून तिनं आपली वेगळी वाट पाडली होती. टेकाड आलं की त्याला वळसा, घळ आली की ती जिथं सुरू होते तिथपर्यंत जाऊन वळसा. बायका दोनदा जाऊन येत तेव्हा ती एकदा पोचे.

हिरामण तिला चिडवी. "आजी, तुझी भाकरी पोचेस्तोवर तिला मिशा फुटतात गं!"

"फुटू देत रे. तुझा पाट तरी कुठं पोचलाय?"

माणसं हसली. पण म्हणे हसू ओसरलं तरी म्हातारी तिथून हलली नाही. पाटाच्या तोंडाशी उभी राहून म्हणाली, "हिरामणा, माझ्या मागं खण."

"तुझ्या मागं? तुझी वाट सापासारखी. एवढं कोण खणणार?"

"चढ तुझ्या डोळ्याला दिसत नाही, माझ्या गुडघ्याला दिसतो. मी पुढं चालते. तुम्ही मागं खणा, आणि पाणी सोडतच या. पाणी माझ्या टाचेला लागलं तर मी पुढचं पाऊल टाकीन. मागं राहिलं तर तिथंच बसेन आणि सांगेन कुठं चुकलं. पण पाणी रानात शिरेपर्यंत घराचा उंबरा चढणार नाही."

हिरामणाकडं दुसरं काही उरलं नव्हतं. त्यानं कुदळ उचलली.

होळीच्या दुसऱ्या दिवशी ती निघाली. दिवसाला कधी चारशे पावलं, कधी शंभर. मागं चाळीस माणसं खणत, आणि त्यांच्यातून पाण्याची पातळ जीभ मातीचा वास घेत पुढं सरके. टाच ओली झाली की धुरपदा पाऊल टाके. पाणी अडलं की जवळच्या दगडावर बसे आणि काठी टेकवून दाखवी, "इथं चार बोटं उतरवा." दिवस कलला की खणणारे घरी जात. ती पाटावरच, करंजाखाली आडवी होई, सून तिथंच भाकर आणून देई. वाटेत तुम्हाला सात दगड लागतील, बसून बसून गुळगुळीत झालेले. ते तिचेच.

मुरमाचं टेकाड वळून झालं. मोठी घळ आली तेव्हा आखाजीला सहा दिवस राहिले होते. धुरपदा घळीत उतरेना. ती कडंकडंनं आत निघाली, घळ जिथं सुरू होते तिकडं, म्हणजे गावाकडं पाठ करून. हिरामणाचा धीर सुटला. पलीकडचा काठ समोर दिसत होता, आणि ही म्हातारी उलटी चालली होती!

ती एका दगडाला पाठ टेकून बसली असताना त्यानं दहा माणसं घेतली, तिला मागं टाकलं आणि घळीतून सरळ खणलं. पाणी आलं, उताराला लागलं आणि काठ फोडून धाडकन नदीत गेलं. बंधारा रिता झाला. तो पुन्हा भरायला दोन दिवस लागले.

हिरामण मान खाली घालून आला. कुदळ त्यानं तिच्या पुढ्यात आडवी ठेवली. "आजी, चुकलो."

"चूक मातीत झाली ना? मग मातीनं बुजव," धुरपदा म्हणाली. "आणि कुदळ उचल. माझी टाच वाळलीय."

त्या दिवसापासून तो कुणाच्या पुढं चालला नाही, असं सांगतात.

आखाजी उजाडली. आमच्याकडं आखाजी म्हणजे लेकींचा सण. सासुरवाशिणी माहेरी येतात, झाडांना झोके बांधतात. त्या वर्षी लेकी आल्या, तर घराघरांपुढं गाड्या उभ्या. जाती, हंडे, टोपल्यांतल्या कोंबड्या सगळं वर चढवलेलं, आणि झोक्यांचे दोर काढून गाड्यांना आवळलेले. कुणी गाणं म्हटलं नाही.

दुपार टळली तेव्हा धुरपदा करंजांच्या आडून दिसली. दोन शेतं राहिली होती. गाव बांधावर गोळा झालं. कुणी ओरडलं, "आजी, उचल पाय!" चारजण धावले, म्हणाले, "आम्ही खांद्यावर घेतो तुला."

"मला उचललंत तर गुडघा कुणाला सांगेल?" ती म्हणाली, आणि तिथंच बसली. पाणी अडलं होतं.

चार बोटं माती निघाली. पाणी आलं. ती उठली.

सूर्य झाडांच्या शेंड्यांवर टेकला. भिवसन पाटील पहिल्या गाडीच्या जुवाला हात लावून उभे होते. एक शेत उरलं, मग अर्धं. धुरपदेनं चाल बदलली नाही. सकाळी होती तीच. बांधावरची माणसंही ओरडायची थांबली. नुसतं फावड्यांचं वाजणं, आणि मधेच तिच्या काठीचं.

सूर्याची कोर उरली होती तेव्हा ती कोरट्याच्या बांधावर आली. मागं वळून बघितलंही नाही. तिथल्या दगडावर बसली आणि पाय पुढं सोडले. पाणी आलं, तिच्या दोन्ही पावलांना वळसा घालून रानात शिरलं.

पाटलांनी जुवाची खीळ काढली आणि गाडीचा दोर सोडायला घेतला. एका लेकीनं तो त्यांच्या हातातून घेतला आणि चिंचेच्या फांदीवर टाकला. त्या वर्षीचा पहिला झोका त्या दोराचा. त्यावर धुरपदेला बसवलं होतं म्हणे, आणि ती ओरडत होती, "हळू रे, हळू!"

आजही आखाजीला दोन्ही गावं या वाटेनं चालतात. ज्याचा पाय सगळ्यांत जड, तो पुढं. मग तो म्हातारा असो, नाहीतर भरल्या दिवसांची लेक असो. त्याला कुणी ओलांडत नाही. सातही दगडांवर तो बसला तर सगळे थांबतात. आणि तो बांधावर पोचेपर्यंत कोरट्यात एकही झोका बांधत नाहीत. दोर हातात घेऊन पोरी वाट बघत उभ्या असतात. एकदा पार अंधारलं होतं, तरी उभ्या होत्या.

आखाजी नसली तरी आम्ही चालतो ते असंच. तुमच्यात या ताई मघापासून काठीवर भार देतायत, आणि आपण मागं पडतोय म्हणून ओशाळतायत. ताई, तुम्ही अशा पुढं या. हं, अशा. आता तुम्ही टाकाल ते पाऊल, आणि आम्ही तुमच्या मागं.